हातचा एक

गाडीवाल्याला त्याच्या गाडीबद्दल खरं सांगू नये, हे तराजूकाकांना धंद्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. स्वयंपाक कसा झालाय आणि गाडीत दम किती आहे, या दोन प्रश्नांना जगात एकच उत्तर असतं, असं ते चारचौघांत म्हणत. बायको ते ऐकून म्हणे, "म्हणजे तीस वर्षं तुम्ही माझ्याशी खोटं बोलताय तर." मग काका कानांत बोळे घालून कामाला लागत. त्यांच्या कामात कानांत बोळे घालावेच लागत, ही त्यातली मोठी सोय.

काम होतं घोडे मोजायचं. काकांच्या गॅरेजात जमिनीत दोन लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची चाकं त्यांच्यावर आणून उभी करायची, जाड पट्ट्यांनी गाडी चहूबाजूंनी आवळायची आणि मग जागच्या जागी जीव खाऊन पळवायची. गाडी इंचभर पुढे सरकत नाही, रोलर मात्र गरगर फिरतात आणि भिंतीवरचा काटा सांगतो, की चाकापर्यंत खरोखर किती घोडे पोचले. कंपनीच्या पत्रकात छापलेले असतात ते इंजिनाचे घोडे. इंजिनापासून चाकापर्यंत येता येता शंभरातले पंधरा-वीस वाटेतच गळतात. ही गळती कुणी कुणाला सांगत नाही. ती काकांचा काटा सांगे, म्हणून सगळ्या गावात त्यांचं नाव तराजूकाका पडलं.

पहिलं गिऱ्हाईक होता एक टपालवाला. जन्मभर सायकल हाणून निवृत्त झाल्यावर त्याने कुणाची तरी जुनी गाडी घेतली होती. इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी पुसून घेऊन तो आला. काटा चाळिसाच्या पुढे एक रेघ सरकला आणि तिथेच बसला. एक्केचाळीस. टपालवाल्याचा चेहरा असा उतरला, की काकांना ते बघवेना. त्यांनी कागद पुढे ओढला, पेन उचललं आणि "हातचा एक" असं स्वतःशीच पुटपुटून चाराच्या जागी पाच लिहिला. एक्कावन्न. टपालवाल्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, खिशावर दोनदा हात फिरवला आणि छाती पुढे काढून गाडी घेऊन गेला.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. प्रत्येकाला हातचा एक. साठाचे सत्तर, नव्वदाचे शंभर. यात पाप आहे असं काकांना कधी वाटलं नाही. कागदावर दहा घोडे जास्त बांधले तर कुणाच्या बापाचा चारा जातो, असा त्यांचा सवाल असे. मापात पाप करणारे कमी देतात, आपण जास्त देतो, हा त्यांचा युक्तिवाद. तो इतका गोड होता, की तीस वर्षांत त्यांनी तो दुसऱ्या बाजूने तपासलाच नव्हता.

काकांना एकुलती एक लेक. लहानपणी शाळा सुटली की ती तडक गॅरेजात यायची आणि काट्याखालच्या उंच स्टुलावर चढून बसायची. गाडी पळत असताना काकांचा पाय पेडलवर आणि डोळे पट्ट्यांवर. मान वळवून काट्याकडे बघायला फुरसत नसे आणि त्या गोंगाटात शब्द ऐकू येणं अशक्य. म्हणून ती बोटांनी आकडा दाखवी. आधी दशकाची बोटं, मग एककाची. काका एका नजरेत वाचत. त्या दोघांची ती भाषा इतकी पक्की झाली होती, की घरी जेवताना आणखी पोळ्या किती हव्यात तेही ती बोटांनीच सांगायची आणि आईचा ओरडा खायची.

तीच लेक पुढे ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचं शिकली. यात नवल कुणालाच वाटलं नाही. पण शिकून सहा वर्षं झाली तरी कायमची नोकरी मिळेना. कुठे चार महिने, कुठे कुणाच्या बाळंतपणाच्या रजेवर, कुठे नुसतीच मुलाखत. प्रत्येक मुलाखतीहून ती आली, की काका हातातलं काम टाकून म्हणत, "झालंच समज." मग पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र येई आणि काका म्हणत, "त्यांचंच नुकसान."

आणि आता या पावसाळ्यानंतर एकदम पत्र आलं. गावाबाहेरच्या टेकडीवर ऐकू न येणाऱ्या मुलांची निवासी शाळा होती, तिथे जागा. तीन महिने काम बघणार आणि पसंत पडलं तर कायम. वर्ग साडेसातला भरणार होता आणि टेकडीवर जाणारी पहिली बस नऊला पोचायची. शाळेची जुनी व्हॅन तीन शिक्षिकांना, स्वयंपाकीणबाईंना आणि त्यांच्या भाजीच्या पोत्यांना घेऊन वर जायची, तिने गेल्याच महिन्यात मान टाकली होती. मोठ्या बाईंनी फोनवर विचारलं, "तुमच्याकडे गाडी आहे का? मग बाकीच्यांचीही सोय होईल." लेकीने बेधडक "आहे" म्हणून सांगितलं. गाडी नव्हती. जन्मभर गाड्या मोजणाऱ्याच्या दारात एक खिळखिळी स्कूटर होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सोमवारी हजर व्हायचं होतं. हातात दहा दिवस होते.

"बाबा," तिने गॅरेजात येऊन विचारलं, "रोज वापरायच्या गाडीला किती घोडे लागतात?"

आता हा प्रश्न असा आहे, की ज्याला गाडीतलं काही कळत नाही त्याच्याकडेही याचं उत्तर तयार असतं. वायरमन, म्हणजे काकांचा जुना जोडीदार, एका गाडीच्या पोटाखालून बोलला, "शंभराच्या खाली ती गाडी नव्हे पोरी, शिलाई मशीन." बाहेर एक ठेकेदार आपल्या गाडीची वाट बघत उभा होता. तो म्हणाला, "दोनशेच्या खालच्या गाडीत बसायला मला तरी लाज वाटते." काका म्हणाले, "मिळतील तितके."

"हे उत्तर नाही झालं."

"चढ बघितलायस का तो? पाच माणसं, वर पोती. त्या मधल्या वळणावर मी भल्याभल्या गाड्यांना वाफा सोडताना बघितलंय. जास्त असले तर बिघडत नाही. कमी पडले तर काय करशील?"

ठेकेदार पुढच्या महिन्यात गाडी बदलणारच होता. त्याची दोनशे दहा घोड्यांची लालभडक गाडी त्याने दोन दिवस चालवून बघायला दिली. काकांनी मोठ्या हौसेने लेकीला चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. सकाळची वेळ, सगळ्यांची कामावर जायची घाई. चौकापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यात त्या दोनशे दहा घोड्यांपैकी दोनशेजण नुसते पाय आपटत उभे राहिले. पुढे एक पाववाला सायकलवर टोपली बांधून चालला होता. तो त्यांच्या पुढे गेला, मागे राहिला, पुन्हा पुढे गेला आणि तिसऱ्यांदा जाताना त्याने ओळखीचं हसून मान हलवली. पेडलवर जरा पाय पडला की गाडी पुढच्याच्या अंगावर धावून जाई, पाय काढला की गचका देई. गतिरोधकावर तिचं पोट घासलं तेव्हा काकांनी दात आवळले. क्लच दाबून दाबून लेकीच्या पोटरीत गोळा आला.

"मला शर्यत लावायची नाहीये, बाबा," ती उतरून पाय झाडत म्हणाली. "मला साडेसातला वर्गात पोचायचंय. पोचल्यावर सहा तास उभं राहायचंय."

"ताकद आहे म्हणून ती अशी करते."

"ताकद आहे, पण ती माझ्या कामाची कुठे आहे?"

काका रागावले. लेकीसाठी काही करावं तर तिला त्याची किंमत नाही, असं तोंड करून ते दिवसभर पान्हे आपटत राहिले.

दोन दिवसांनी ती एक पांढरी, छोटी, नीटनेटकी गाडी घेऊन दारात आली. दातांच्या डॉक्टरांची गाडी होती. डॉक्टर आता थकले होते, दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला निघाले होते. गाडी त्यांनी दाताइतकीच जपली होती, रोजच्या रोज पुसून. "शनिवारपर्यंत ठेवा, चालवून बघा, पसंत पडली तर घ्या," म्हणून त्यांनी किल्ली दिली होती.

"आणि हे बघा," लेक म्हणाली. तिने पुढच्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. "आठ वर्षांपूर्वी त्यांनी तुमच्याकडेच मोजून घेतली होती. चाकावर अठ्ठ्याहत्तर. तुमच्या हातचा कागद आहे, म्हणून मी दुसरीकडे बघितलंच नाही."

काकांनी कागद हातात घेतला. अक्षर त्यांचंच होतं. साताच्या आकड्याचं शेपूट ते नेहमी लांब ओढत, तेही तसंच. अठ्ठ्याहत्तर म्हणजे तेव्हाचे अडुसष्ट आणि वर आठ वर्षांची झीज. आता साठ तरी भरतील का, देव जाणे. आणि त्या साठांच्या जिवावर त्यांची पोर रोज सकाळी पाच जीव घेऊन त्या वळणावर चढणार होती. का, तर बापाने कागदावर अठ्ठ्याहत्तर लिहिलेत म्हणून.

"छान आहे," ते म्हणाले. कागद मात्र त्यांनी घाईघाईने परत पिशवीत घातला.

पुढचे दोन दिवस काकांचं कशात लक्ष लागेना. "ही नको, दुसरी बघू" म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. सांगावं, तर तीस वर्षांचा तराजू एका क्षणात खोटा पडणार, तोही लेकीसमोर. घोडं पेंड खात होतं ते तिथे. त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर हिशेब मांडला. गाडीचं वजन, पाच माणसं, पोती, चढाची तीव्रता. मांडला, खोडला, पुन्हा मांडला. शेवटी बायको चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं.

ती काही दचकली नाही. कपबशी पुठ्ठ्यावर ठेवून म्हणाली, "जन्मभर कागदी घोडे नाचवलेत ना? आता बसवा त्यांच्यावर लेकीला."

काकांनी कपाला हात लावला नाही. एवढ्या वर्षांत ती पुष्कळ बोलली होती, पण असं लागेल असं कधी बोलली नव्हती.

शुक्रवारी दुपारी त्यांनी लेकीला बोलावलं. "शनिवारी शब्द द्यायचाय ना डॉक्टरांना? त्याआधी पुन्हा एकदा मोजू. तू बस काट्याखाली."

स्टूल अजून तेच होतं, फक्त आता तिचे पाय जमिनीला टेकत होते. वायरमनने पट्ट्या आवळल्या. काका गाडीत बसले, कानांत बोळे घातले आणि पेडल दाबलं. छोटी गाडी जीव तोडून पळायला लागली. रोलर गरजले, पत्रे थरथरले. इंजिन पार वरच्या पट्टीत किंचाळायला लागलं तेव्हा काकांनी तिच्याकडे बघितलं.

लेकीने हात वर केले. सहा बोटं. मग एक.

गाडी बंद झाली. काका टेबलापाशी आले, नवा कागद ओढला, तारीख घातली. पेन सहाच्या जागेवर येऊन थांबलं. वायरमन हात पुसत बाजूला उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो जिकडेतिकडे बघत होता, फक्त कागदाकडे नाही. सवय अशी वाईट असते, की काकांच्या ओठांवर ते दोन शब्द आलेसुद्धा. त्यांनी ते गिळले आणि लिहिलं, एकसष्ट. कागद लेकीपुढे सरकवला.

"आठ वर्षांपूर्वी अठ्ठ्याहत्तर नव्हते," ते म्हणाले. "तेव्हा अडुसष्ट होते. दहा मी घातले. सगळ्यांनाच घालतो. ही गाडी घेऊ नकोस, पोरी. माझ्या कागदावर विसंबून तर मुळीच घेऊ नकोस."

लेकीने कागद वाचला. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हातचा एक. तिसरीत मला गणितात भोपळा मिळाला होता, आठवतं? नाही, तुम्हाला कसं आठवेल, आई आली होती शाळेत. बाई तिला म्हणाल्या, ही मुलगी प्रत्येक बेरजेत हातचा धरते. नसला तरी धरते. तेवीस आणि चौदा, सत्तेचाळीस. मी रडून सांगत होते, की बाई, आमचे बाबा असंच करतात. मी चार बोटं दाखवते, ते पाच लिहितात."

वायरमनला हसू आवरेना. तो खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

"मग हे माहीत असताना तो कागद घेऊन का आलीस माझ्याकडे?" काकांचा आवाज बारीक झाला होता.

"बघायला."

"काय बघायला?"

"मला तरी खरं सांगता का, ते." ती स्टुलावरून उठली नव्हती. "सहा वर्षं, बाबा. प्रत्येक मुलाखतीनंतर तुम्ही म्हणालात, झालंच समज. मग व्हायचं नाही. आणि मला कधी कळलंच नाही, की मी कमी पडले ती कितीने. दोनाने, की विसाने? दोनाने पडले असते तर तेवढं भरून काढलं असतं. पण तुमच्याकडे विचारावं, तर तुमच्या कागदावर मी नेहमी पहिलीच."

"मी तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"माहीत आहे. टपालवाल्यालाही म्हणूनच. पण तो कागद खिशात घालून घरी गेला. मला रोज चढायचं आहे."

काका बाकावर बसले. लेकीने असं कधी धरलं नव्हतं त्यांना. खूप वाईट वाटत होतं आणि त्या वाइटातच कुठेतरी बरंही वाटत होतं, ठुसठुसणारा काटा निघाला की वाटतं तसं.

"आता एक विचारते," ती म्हणाली. "गाडीचं नंतर. मी तिथे पुरेन का? हातचा न धरता सांगा."

काकांनी वेळ घेतला. लेकीकडे बघायचं, पण बापाच्या डोळ्यांनी नाही, काट्याकडे बघतो तसं, हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. ते अवघड होतं.

"तू घाई करतेस," ते हळूहळू म्हणाले. "कुणाला एकदा सांगून समजलं नाही, की तुझा पारा चढतो आणि आवाजही. तिथे आवाज चढवून कुणाला ऐकू जाणार आहे? पहिला महिना जड जाईल. पहिल्या पंधरा दिवसांत एकदा तरी घरी येऊन म्हणशील, मला नाही जमत."

लेक खाली बघत होती.

"पण तू सोडत नाहीस. सहा वर्षं नाही सोडलंस. मी सोडलं असतं. आणि लहान पोरांच्या हाताकडे तू बघतेस तेव्हा तुझी घाई कुठे जाते कोण जाणे, ती मी तेवढ्याच वेळी गेलेली बघितलीय." त्यांनी मान वर केली. "पुरशील. पहिली नाही येणार. पण पुरशील."

तिने डोळे पुसले आणि हसली. सहा वर्षांत "झालंच समज"ने जे झालं नव्हतं, ते त्या एका "पुरशील"ने झालं. मग ती उठून टेबलापाशी आली आणि चहाच्या डागाचा तो पुठ्ठा तिने ओढून घेतला. "हे काय मांडलंय?"

काकांचा उत्साह परत यायला एवढं पुष्कळ होतं. त्यांनी पेन घेतलं. "हे बघ. पाच माणसं आणि पोती घेऊन तो चढ चाळीसच्या वेगाने चढायचा, तर चाकाला पस्तीस घोडे लागतात. जास्त नाही. तुझ्या या गाडीत एकसष्ट आहेत, पण ते इंजिन बोंबलत असताना. रोज तसं कोण चालवतं? तिसऱ्या गिअरमध्ये रमतगमत गेलीस तर त्यातले सत्तावीस-अठ्ठावीसच जागे असतात. तिथे कमी पडशील. दुसरा टाकलास, तर पंचेचाळीस."

"पस्तीस लागतात, पंचेचाळीस मिळतात," लेक म्हणाली. "दहा उरतात."

काका पुठ्ठ्याकडे बघत राहिले. दोन दिवस घाबऱ्या जिवाने तोच हिशेब मांडत होते, पण ही वजाबाकी त्यांनी केलीच नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य बेरजेत गेलं होतं.

"दहा," ते म्हणाले. "हे कागदावर लिहायचे नसतात. हे हातचे राखायचे."

"मग सांगा आता. रोजच्या गाडीला किती लागतात?"

"चढाला लागतील तेवढे. आणि थोडे हातचे राखून. बाकीचे पाववाल्याच्या मागे उभे राहतात."

तरीही पुठ्ठा म्हणजे कागदाचाच थोरला भाऊ. घोडामैदान जवळच होतं. डॉक्टरांकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि रविवारी सकाळी सगळी वरात निघाली. लेक चालवायला, काका शेजारी, मागे काकू, वायरमन आणि शाळेच्या स्वयंपाकीणबाई. बाई अंगाने चांगल्या भरल्या होत्या आणि त्यांनी बटाटे-कांद्यांची दोन पोती डिकीत टाकली, तेव्हा गाडी मागून अशी बसली, की वायरमन म्हणाला, "शेठ, पुठ्ठ्यावर बाईंना कितीचं धरलं होतं?" काकूंनी त्याला कोपर मारलं.

चढ सुरू झाला. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तिसऱ्यात गाडी हुंकारायला लागली, दमायला लागली. "दुसरा" हा शब्द काकांच्या जिभेवर आला आणि त्यांनी तो धरून ठेवला. लेकीने दुसरा टाकला. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीने मान वर केली.

मधलं वळण आलं. नेमका वरून माल भरलेला ट्रक उतरत होता आणि रस्त्यात दोघांना जागा नव्हती. लेकीला गाडी भर चढावर थांबवावी लागली. ट्रक इंच इंच सरकत गेला. मागे उताराशिवाय काही नव्हतं. पळत्या गाडीने चढणं वेगळं आणि चढावर थांबून पुन्हा निघणं वेगळं, हे काकांना माहीत होतं आणि पुठ्ठ्यावर ते कुठेच मांडलेलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला. तिथे लेकीचा हात आधीच होता. त्यांनी आपला हात परत मांडीखाली घातला. सबंध आयुष्यात त्यांनी केलेलं हे सगळ्यात अवघड काम.

लेकीने पहिला टाकला. इंजिन थोडं वाढवलं, थोडं आणखी, घाई न करता. ब्रेक सोडला. गाडी क्षणभर जागीच थरथरली, एक बोटभर मागे सरकली आणि मग पुढे निघाली. हळू, पण निघाली. मागे स्वयंपाकीणबाईंनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला आणि म्हणाल्या, "व्हॅनमध्ये आम्ही इथे उतरून ढकलायचो."

वर शाळेच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा लेकीच्या कपाळावर घाम होता. तिने इंजिन बंद करायला हात नेला, पण तोवर मुलं धावत आली होती. पंधरा-वीस मुलं गाडीभोवती जमली आणि कुणी न सांगता त्यांनी आपले तळवे गाडीच्या तोंडावर ठेवले. झाकणाखालची धडधड ती हातांनी ऐकत होती. लेकीने इंजिन तसंच चालू ठेवलं.

दोन वेण्यांची एक छोटी मुलगी मात्र तिच्या खिडकीशी आली आणि हातांनी काहीतरी विचारायला लागली. भुवया वर, बोटं भराभर. पहिल्यांदा लेकीला नीट कळलं नाही. तिने घाई केली नाही. मुलीला पुन्हा विचारू दिलं, काकांकडे बोट करून हातांनीच उत्तर दिलं आणि मुलीने लगेच पुढचं विचारलं तेव्हा हसून काकांकडे वळली.

"मी तिला सांगितलं, की हे माझे बाबा, गाडीत किती घोडे आहेत ते मोजतात. ती विचारतेय, या गाडीत किती आहेत?"

काका गाडीतून उतरले. मुलगी मान वर करून उभी होती, टपालवाल्यासारखीच आशेने. काकांनी दोन्ही हात वर केले. सहा बोटं दाखवली. थोडं थांबले. मग एक.

मुलीने आपल्या बोटांवर ते तसंच्या तसं करून बघितलं. तिचे डोळे मोठे झाले. ती धावत दुसऱ्या मुलांकडे गेली, त्यांना सहा आणि एक दाखवलं आणि परत येऊन लेकीला दोन्ही हात पसरून काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतेय?" काकांनी विचारलं.

"म्हणतेय, पुष्कळ आहेत."